काठावरचा दादा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत नीट बस, मग पुढे वाच. आमच्या इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डसाठी निधी गोळा करायला ट्रायथलॉन ठेवलीय, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात. मी नाव दिलंय. बेचाळिसाव्या वर्षी! मोठ्या नर्सबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं आणि माझा हात आपोआप वर गेला.

सायकल येते, पळणं रडतखडत जमेल. पण पाणी! काल तरणतलावाच्या उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात मी कठड्याला चिकटून उभी होते. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत मी पोरांना सांगते, श्वास धर, आता सोड. पाण्यात स्वतःचा धरला तो सोडायचं भानच राहिलं नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कठडा सोडा. मी म्हटलं, उद्या.

मग तुझी आठवण काढली. मी सात वर्षांची, तू अकरा. मी तळ्यात पडले आणि तू अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकलीस. घरात नवा माणूस आला की बाबा ही गोष्ट सांगायचे आणि तू चहा टाकायच्या निमित्ताने सटकायचास, लाजाळू कुठला. तुझंच रक्त माझ्यात आहे, थोडा धीर मलाही असेलच की.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. हसू आलं नाही. नाव मागे घे. निधीसाठी दुसरं काही कर, सायकल चालव, वस्तू वीक, पण पाण्यात उतरू नकोस. रक्ताबिक्ताचं काही खरं नसतं.

काल एका जाडजूड शब्दकोशाला पुठ्ठा उलटा चिकटवला. इतकी वर्षं पुस्तकं बांधतोय, असं कधी झालं नव्हतं. तुझी वहिनी म्हणते, मी तुला उगाच घाबरवतोय. म्हणू दे.

प्रकृतीला जप. लोभ नेहमीसारखाच.
दादा


१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाव मागे घेतलं नाही, रागावू नकोस. मंगळवारी कठडा सोडला, चार हात मारले आणि बुडाले. नाकातोंडात पाणी गेलं. जीवरक्षकाने बांबू पुढे केला तो मी इतका घट्ट धरला की सोडवायला दोघं लागले. दादा, खरंच फार भीती वाटते.

त्यातून स्पर्धेतलं पोहणं आपल्या त्याच तळ्यात आहे. एकदा तिथे उतरले तर भीती मोडेल असं वाटतं. पुढच्या रविवारी, २४ला, सकाळी सातच्या आत तू तिथे ये. बाई म्हणतात, जीवरक्षक असल्याशिवाय उतरायचं नाही. मी त्यांना सांगितलं, माझा जीवरक्षक घरचाच आहे. तू काठावर असलास की मी पाण्यात पाऊल टाकेन, नाहीतर नाही.

पहिल्या बसने निघ. वाट बघते.
तुझी,
चिमणी


१९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मी येणार नाही. तूही जाऊ नकोस. मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

तू पडलीस. मी काठावर खिळून उभा राहिलो, नुसता किंचाळत राहिलो. पलीकडे एक बाई कपडे धूत होती. तिने मान वर केली, धावत आली, पाण्यात शिरली आणि तुला वेणीला धरून ओढून काढलं. तुला माझ्या मांडीवर टाकलं आणि आपलं बोचकं उचलून निघून गेली. बाबा आले तेव्हा तू मला बिलगलेली, तुझ्या कपड्यांच्या पाण्याने मीही ओलाचिंब. त्यांनी माझी पाठ थोपटली, माझ्या शौर्याचं बोलू लागले आणि मी मूग गिळून बसलो. पुढे दरवर्षी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवून दिला. तोंडाने सांगवत नाही गं. उद्या तू माझ्या भरवशावर बुडालीस आणि मी पुन्हा तसाच उभा राहिलो तर? मला क्षमा कर किंवा करू नकोस, पण रविवारी तिथे जाऊ नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.
दादा


२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. तळ्यावर गेले नाही. इतकी चिडले की पत्र फाडणार होते. पस्तीस वर्षं भेटेल त्याला मी तुझं शौर्य सांगत फिरले! आणि ती बाई? तिला कुणी साधं नाव विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. हा राग लवकर जायचा नाही, सांगून ठेवते.

रविवारी तरणतलावावरच गेले. कठड्याला लोंबकळत जीवरक्षकाला विचारलं, पोहता न येणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाने बुडणाऱ्या बहिणीसाठी उडी मारली तर काय होतं. तो म्हणाला, ती त्याच्या गळ्याला मिठी मारते आणि दोघंही तळाला जातात. हे त्याने अगदी सहज सांगितलं आणि मी कठडा आणखी घट्ट धरला.

दादा, तू किंचाळलास म्हणून त्या बाईने मान वर केली. तू उडी मारली असतीस तर किंचाळायला काठावर कोण उरलं असतं?

भीती गेलेली नाही. त्याच दिवशी कठडा सोडून सात हात गेले आणि बाहेर येऊन रडले. तरी नाव मागे घेत नाही. स्पर्धेच्या दिवशी तळ्यात होड्या असतील, जीवरक्षक असतील. तूही ये. पाण्याजवळ जायचं नाही, लांब उभा राहा. माझ्यावरची नजर हलवू नकोस आणि मी दिसेनाशी झाले तर तेव्हासारखाच किंचाळ.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.
तुझी,
चिमणी