तळटीप क्रमांक एकतीस

९ फेब्रुवारी १९६७
प्रबंधाचं तिसरं प्रकरण सरांनी नागपूरहून परत पाठवलं. मयताच्या वेळी बायका हेल काढून जे बोलतात, त्यावरचं. समासात लाल शाई! "अवतरणचिन्हांत आठवणीतलं चालत नाही. बोललं तसंच हवं. तळटीपेत कोण रडलं, कोणासाठी, गाव, तारीख." बरोबरच आहे त्यांचं. मीच आळस केला.

१९ फेब्रुवारी
उंद्रीला घरी जाऊन आले. सत्यभामाआत्यासारखं रडणारी पंचक्रोशीत नाही. म्हटलं, आत्या, एकदा सांग, लिहून घेते. केवढी भडकली! "काऊन वं पोरी, कोनाले मारून राह्यली? मेल्याबिगर ते तोंडातून निंघत नसते. नाव लागते त्याले!" आता काय कोणाच्या मरणाची वाट बघू? शी! काय लिहिते आहे मी.

२६ फेब्रुवारी
मिळालं! आईनंच मिळवून दिलं. आत्याला म्हणाली, "बाई, माह्यं नाव घ्या. पोरीचं काम होऊ द्या." आत्या तयार होईना. आई हटून बसली, भिंतीला टेकून, पाय पसरून. शेवटी आत्यानं पदर पुढे ओढला—
"विमल वहिनी वं, भर उन्हाची निंघाली वं माय, पायात वहानाबी नाही घातल्या..."
आणि खरीच रडायला लागली. आई आधी हसत होती, मग तिच्याही डोळ्यांना पाणी. मी खाली मान घालून लिहीत होते. एक शब्द सुटला नाही. परतताना बसमध्ये मात्र कसंतरीच वाटलं.

३ मार्च
एकतिसावी तळटीप : सत्यभामाबाई, भावजयीसाठी, उंद्री. तारीख मोकळी सोडली.

२८ मार्च
सरांचं कार्ड. "अवतरणं आता निर्दोष. फक्त तळटीप ३१ मध्ये मृत्यूची तारीख राहिली. भरून पाठवा." खोटी तारीख घालायला हात धजेना. आईची! आणि बाई जिवंत आहे, हे सरांना कळवायचं धाडस नाही.

९ एप्रिल
आई गेली. गुरुवारी. छातीत कळ आली, चिखलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. जमलेल्या बायका आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आत्या गप्प. मीच म्हटलं, आत्या, रड ना गं. "तिच्यावाल्या नावाचं रडून टाकलं न पोरी, तुह्यासाठी. आता कुठून आनू?" माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. आईला तसंच मुक्यानं नेलं. माझ्यामुळे.

११ एप्रिल
तळटीपेत तारीख भरली. ६ एप्रिल. माझ्याच हातानं.