लखनचा खांदा आणि माझे उपचार

५ जुलै २०२५, सकाळी ६

दाराशी बसल्या बसल्या सगळ्यांची तब्येत पाहून घेतली. चंद्रभागाबाई (बायको): आवाज खणखणीत, म्हणजे ठीक. योगेंद्र (मुलगा): अजून झोपेत, म्हणजे अति ठीक. हिऱ्या बैल: रवंथ चालू. लखन बैल: खांद्यावर, जू टेकतं तिथे, लिंबाएवढी सूज. कालच्या चिखलणीचा प्रसाद. मी: गुडघ्याला जरा सूज. पण ती गेल्या दिवाळीपासून आहे, तिला तब्येतीत धरत नाही.

योगेंद्र म्हणतो, ट्रॅक्टर बोलवू. पण मी चहाच्या टपरीवर सोमाजीसमोर सांगून बसलोय: आंबागडात यंदा धानाची एक तरी बांधी, बांधाआतलं एक तरी शेत, बैलांच्या पायांनी चिखलेल, आणि ती माझी. शिवाय पोळ्याच्या तोरणात, गावच्या बैलांच्या रांगेत, लखन सगळ्यांच्या पुढे. जबान म्हणजे जबान.

निश्चय: सूज तीन दिवसांत घालवणे. डॉक्टर नाही. चाळीस वर्षं जनावरांवरची पुस्तकं वाचली ती काय उगाच?

८ जुलै

हळद, तेल, गरम विटेचा शेक. सूज उतरली! लाल पेनाने 'यशस्वी' लिहिलं. लगेच जू चढवलं. चंद्रभागा दारातून ओरडली, "अवो, आत्ता त उतरली सूज. दोन दिस तरी बसू द्या ना जी त्याले!" मी म्हटलं, जनावराला बसायची सवय लागली की त्याचा योगेंद्र होतो. योगेंद्रने ऐकलं. ताट उचलून बाहेर ओट्यावर जेवायला बसला.

११ जुलै

सूज परत. आता पेरूएवढी. पण आता अनुभव आहे. शेक.

१४ जुलै

उतरली. जुंपला.

१६ जुलै

आली. शेक.

१९ जुलै

उतरली (पाऊण). जुंपला. पद्धत बसत चालली आहे.

२४ जुलै

तालुक्याच्या डॉ. तृप्ती मॅडम गावात जनावरांना लस टोचायला आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. चंद्रभागाने लखनला धरून रस्त्यावर उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "काकाजी, सूज म्हंजे अंगाची दुरुस्तीची टोळी. इजा झाली की धावत येते, काम करते, घरी जाते. तुमी टोळी घरी पोचायच्या आधीच पुन्हा घासून राहिले. मग ते टोळी जातच नाही, तिथंच बिऱ्हाड करते. चांगल्या मांसाच्या जागी दोरखंडासारखं कडक काहीतरी भरत जाते." आणि वर: महिनाभर जू बंद.

पोरगी हुशार आहे, पण बांधीत उतरलेली दिसत नाही. महिनाभर धानाची रोवणी थांबते का?

निश्चय: जुवाला गोणपाट गुंडाळणे. तिचं विज्ञान, माझा अनुभव, दोघांचा मान राहील.

२९ जुलै

गोणपाट भिजलं, आत रेती अडकली, खांद्याचं कातडं सोललं. दोष गोणपाटाचा.

२ ऑगस्ट

आनंदाची बातमी! सूज कडक झाली. अंगठ्याने दाबली, लखन हललासुद्धा नाही. म्हणजे खांदा मजबूत झाला. पैलवानाचे कान घासून घासून होतात तसा. सहज माझा गुडघाही दाबून पाहिला. तोही कडक, दुखणं कमी. दोघंही पोलादी होत चाललोय. खाटेवरून उठताना भिंत धरली, पण ती भिंत जवळच होती म्हणून.

७ ऑगस्ट

लखन बारीक दिसतो. ढेप, म्हणजे पेंड, अर्धी तशीच ठेवतो. अंग हलकं राहावं म्हणून आपणहूनच कमी करत असावा. टपरीवर सोमाजी म्हणाला, "काहून गा तुलाराम, बैल पोसून राहिला का हाडं?" सगळे हसले. याला सणसणीत उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

१२ ऑगस्ट

लखन बांधीत बसला. चिखलात, कामाच्या मधेच. उठेना. हिऱ्या जू वाकडं घेऊन उभा, माझ्याकडे बघत. जू काढलं तर त्या कडक गाठीतून पू आला. वास फार. चंद्रभागाने पदर नाकाला लावला नाही. चिखलातच बसून त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मुकं हाय म्हनून. नाही त केव्हाचंच बोललं असतं तुमाले."

उरलेली बांधी ट्रॅक्टरने केली. पाऊण तास लागला. मी पाहिलं नाही. आवाज येत होता.

१३ ऑगस्ट

डॉ. तृप्ती आल्या. योगेंद्रने बोलावलं. मी विरोध करायचा विसरलो. गाठ कापून काढली, खोलवर गेली होती. लखन इतका वाळला काहून, ते मी विचारलं. "त्याचं अख्खं अंग त्या एका खांद्याशी लढून राहिलं होतं, काकाजी. खाल्लेलं तिथंच खपे. कडक झालं म्हंजे बरं झालं नव्हतं. आतून जळतच होतं."

लखन जगेल. जू मात्र नाही. मी विचारलं, पोळ्यानंतर? म्हणाल्या, "नाही." मी विचारलं, पुढच्या रोवणीला? योगेंद्र म्हणाला, "बाबा, बस करा ना आता."

खांद्याची नोंद मी रोज या वहीत लिहायची आणि योगेंद्रने त्या पानाचा फोटो काढून मॅडमना पाठवायचा, असं ठरलं.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ

उद्या पोळा. आज खांदे शेकायचे. लोणी, हळद, पळसाचं पान. हिऱ्याचे शेकले. लखन नऊ वर्षं या दिवशी आपणच मान खाली घालून पुढे यायचा. आज माझा हात वर झालेला दिसला आणि तो दोन पावलं मागे सरला. दोरी ताणेपर्यंत.

शेवटी चंद्रभागाने जखम सोडून आजूबाजूला लोणी लावलं. लखनने तिला लावू दिलं. मी लांबूनच दरवर्षीचं आमंत्रण म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." येईल असं वाटतं. उद्या तोरणात हिऱ्या एकटाच, सोमाजीच्या जोडीच्या मागे.

योगेंद्र फोटोसाठी वही मागतोय. तेव्हा हे मॅडमसाठी:

मॅडम, जखम सुकते आहे. लखनने आज ढेप पूर्ण खाल्ली. दुसरं असं की, माझ्या ओळखीचा आणखी एक बैल आहे, वय अडुसष्ट. गुडघ्याला दिवाळीपासून सूज. शेकायचं आणि जुंपायचं, असं चालू आहे. आता कडक झाली आहे, दाबलं तर दुखत नाही. आपण माणसं तपासत नाही हे ठाऊक आहे. तरी कोणाकडे न्यावं ते लवकर लिहून पाठवा. बैल हट्टी आहे, पण आज जरा ऐकेल असं दिसतं.