माझ्या बाजूने कोणी जात नाही

१४ जुलै, सकाळ

आजपासून फुटबॉलचं ट्रेनिंग सुरू. वजन जरा वाढलंय, पण ते सगळं मांड्यांत गेलंय, म्हणजे ताकदच. वय चौतीस. लेफ्ट बॅक, म्हणजे डावी बाजू राखणारा, खरा तयार होतो तो चौतिशीतच. त्याआधी तो नुसता पळत असतो. मोसमाचे संकल्प ठरले. दुपारच्या जेवणाबरोबर वाइन बंद. चोरिझो सॉसेज फक्त रविवारी. आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पहिल्या डिव्हिजनमध्ये. यातला शेवटचा सर्वांत सोपा, कारण त्यात काही सोडायचं नाही.

निएवेसला सांगितले. ती औषधांच्या दुकानात कामाला निघाली होती. म्हणाली, पहिले दोन आठवडाभर तरी पाळ, मग तिसऱ्याचं बघू. दिवसभर आजारी माणसं बघून माझी बायको अशी झालीय.

१४ जुलै, दुपार

वाइन घेतली. उन्हात पळाल्यावर रक्त घट्ट होतं.

२९ ऑगस्ट

पहिला सामना, आपल्याच मैदानावर. हरलो, ३-१. तिन्ही गोल डाव्या बाजूने झाले असं मिस्तर ओचारान म्हणाले. कोच आहेत, मिस्तर म्हणावंच लागतं. डाव्या बाजूने झाले हे मान्य. पण डावी बाजू मोठी असते. तिच्यात गवत येतं, मिडफिल्डर येतो, ऊनही येतं.

त्यांचा राइट विंगर, म्हणजे माझ्या बाजूने चढाई करणारा, चिचो नावाचा पोरगेला माणूस. मी त्याला पूर्ण वाचला होता. तो बाहेरून जाणार हे मला आधीच कळत होतं, आणि प्रत्येक वेळी तो बाहेरूनच गेला. सामना संपल्यावर स्वतः होऊन आला, जर्सी बदलूया म्हणाला. म्हणाला, आयुष्यात इतका चांगला कधी खेळलो नव्हतो. आवाजात आदर होता.

महत्त्वाचं: स्टँडमध्ये हिरवी टोपी घातलेला एक गृहस्थ सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. सगळा वेळ माझ्याच बाजूला बघत होता. लिसार्दो, आमचा गोलकीपर, त्याला ओळखतो. कासिमिरो. रेआल मारिस्मासाठी खेळाडू शोधत फिरतो. रेआल मारिस्मा म्हणजे पहिली डिव्हिजन.

रात्री चोरिझो. रविवार नव्हता, पण सामना होता.

१२ सप्टेंबर

बाहेरगावी. २-२. यांचा विंगर ताडमाड उंच. त्याला आत ढकलायचा, हा आमचा प्लॅन. मी ढकलला. तो आत गेला आणि गोल केला. माझ्याकडचं काम तिथेच संपलं होतं.

कासिमिरो पुन्हा हजर. एवढा प्रवास करून आला म्हणजे काहीतरी आहे. आमचे एजंट फाउस्तो यांना फोन केला. उचलला नाही. मोठा सौदा शिजत असला की एजंट असेच गप्प होतात.

१७ ऑक्टोबर

आमच्या कास्त्रोमोराचे प्रेक्षक चांगले आहेत, पण त्यांना डावपेच कळत नाहीत. डाव्या रेषेच्या मागे पहिल्या रांगेत सेन्योरा ओब्दुलिया बसतात. नवरा गेल्यापासून त्यांनी एक सामना चुकवलेला नाही. आज मी पुढे धावत गेलो आणि माझ्यामागून पाहुण्यांचा विंगर निघाला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, अरे एलादियो, जाताना दार लावून जात जा रे, थंडी आत येते.

आजूबाजूचे हसले. मीही हात केला. लोकप्रियता ही अशी असते.

मध्यंतरात त्यांनी कागदाच्या पुडीतून भाजलेले चेस्टनट दिले. म्हणाल्या, खा, धावून दमला असशील, मागे जाताना तरी. हरलो.

१ डिसेंबर

आज मिस्तरांनी बोलावून सांगितलं की यापुढे मागे तीनच जण खेळणार. म्हणजे लेफ्ट बॅक ही जागाच नाही. मी विचारलं, माझ्या जागी कोण. म्हणाले, कोणी नाही, एलादियो, ती जागाच मोकळी ठेवायची.

विचार करतोय. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला घ्यायला त्यांचं मन धजलं नसावं. जुन्या पद्धतीचा माणूस आहे.

१२ डिसेंबर

बेंचवर. मोकळी ठेवलेली जागा मोकळीच राहिली आणि आम्ही जिंकलो. योगायोग. वारा आमच्या बाजूने होता.

६ जानेवारी

तीन राजांचा सण. निएवेसच्या आईकडे जेवण. कड्यासारख्या गोल, गोड पावात दडवलेला वालाचा दाणा माझ्याच वाट्याला आला. तो ज्याला मिळतो त्याने पुढच्या वर्षीचा पाव आणायचा. निएवेसचा भाऊ म्हणाला, तुझ्याकडे येणारं काहीतरी तू पहिल्यांदाच अडवलंस. मी हसलो नाही. मोटार शिकवण्याच्या त्याच्या शाळेत मला नोकरी देऊ म्हणतो. चौतिशीतल्या खेळाडूला.

जेवताना पेपर वाचला. रेआल मारिस्माने चिचोला घेतलंय. बातमीत लिहिलंय की ऑगस्टमधल्या कास्त्रोमोराच्या सामन्यात त्याने सर्वांचं लक्ष वेधलं. तो उंच विंगरही वर गेला. सप्टेंबरनंतर. ऑक्टोबरमधलाही.

९ जानेवारी

ड्रेसिंग रूममध्ये लिसार्दोने सगळ्यांसमोर हिशेब मांडला. म्हणाला, एलादियोसमोर जो खेळतो तो पहिल्या डिव्हिजनमध्ये जातो. माझा मेहुणा बेकरीत आहे, त्यालाही एकदा उतरवा रे याच्यासमोर.

चेष्टा बाजूला ठेवली तर मुद्दा बरोबर आहे. माझ्यासमोर खेळून माणूस घडतो. हे आजवर कोणी लक्षात घेतलं नव्हतं, मीसुद्धा. संकल्पांत दुरुस्ती: वर जाण्याबरोबरच इतरांना घडवणं.

५ मार्च

मागच्या तिघांपैकी दोघे जायबंदी. मिस्तरांनी परत चार जणांची रांग केली आणि आधी बेंचवरच्या बाकी सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं. शेवटी मला म्हणाले, जा.

वॉर्म-अपच्या वेळी पाहुण्या संघाचे दोन्ही विंगर आपसात वाद घालत होते. उजवीकडून मी खेळणार, नाही मी. नाणं उडवलं. हरलेला इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं. त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी येशील. तो म्हणाला, तुम्ही असाल ना पण.

हरलो. मी तीन टॅकल केले. एक चेंडूला लागला.

२० एप्रिल

टीव्हीवर चिचोचा सामना बघितला. पहिल्या डिव्हिजनमध्ये त्याला कोणालाच चकवता येत नाही. चेंडू घेतो, थांबतो, मागे देतो. आज त्याला अर्ध्यातच बाहेर काढला. स्वतःच्याच मैदानावर लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता, कॅमेरा तिथेच ठेवला होता.

कारण उघड आहे. तिथे त्याच्या तोडीचा माणूस नाही. निएवेसला हे सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, त्याची आई काय म्हणत असेल.

८ मे

शेवटी मीच कासिमिरोला गाठलं. मैदानाशेजारच्या बारमध्ये व्हरमूथ घेऊन एकटे बसले होते. हिरवी टोपी टेबलावर. मी म्हटलं, सेन्योर कासिमिरो, वर्षभर तुम्ही मला बघताय, आता मोकळेपणी बोलूया.

त्यांनी ग्लासमधलं ऑलिव्ह काडीने काढून बशीत ठेवलं. मग म्हणाले, अहो, मी तुम्हाला नाही, तुमच्यासमोरच्या माणसाला बघायचो. तिघांची शिफारस केली मी. तिघंही वर जाऊन फसले. चिचो आम्हीच घेतला. आता वरून सांगितलंय की तुमच्याविरुद्धचा सामना हिशेबात धरायचाच नाही. कोणी कितीही चांगला खेळला तरी. आणि माझंही काही खरं नाही, माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत.

म्हणजे पहिल्या डिव्हिजनच्या एका क्लबात माझ्या एकट्यासाठी वेगळा नियम आहे.

व्हरमूथचे पैसे त्यांनीच दिले. बाहेर पडताना जरा वाकलेले वाटले.

३० मे

मोसम संपला. खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचलो. करार वाढवणार नाहीत. मिस्तरांनी घरी येऊन सांगितलं. फोनवर सांगता आलं असतं, पण आले. निएवेसने तोर्तिया केली, बटाट्याचं जाड ऑम्लेट. मिस्तर म्हणाले, एलादियो, तू एकही ट्रेनिंग बुडवलं नाहीस, मला पोरांना तुझंच उदाहरण देता येतं. मग बटाट्याची स्तुती केली. मग गेले.

निएवेस म्हणाली, मला वाटलं तू काहीतरी बोलशील. मी म्हटलं, वाटाघाटीत गप्प राहायचं असतं.

१९ जुलै

एकटाच पळतो. नदीकाठचा रस्ता. आज सेन्योरा ओब्दुलिया कुत्र्याला घेऊन भेटल्या. म्हणाल्या, तुझ्या जागी एक नवीन आणलाय, फार चांगला आहे, त्याच्यामागे बसून झोप येते रे.

फाउस्तोचा फोन बंद. नंबर बदलला असेल.

७ ऑगस्ट

आला. फोन आला. रेआल मारिस्मा. कासिमिरोंचाच आवाज. म्हणाले, आठवडाभर आमच्या ट्रेनिंगला याल का, तुमची गरज आहे. मी विचारलं, कोणत्या जागेवर. म्हणाले, लेफ्ट बॅक, तुमचीच जागा. मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत होतं. निएवेसच्या भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं की त्याच्या शाळेसाठी दुसरा बघ. निएवेसने विचारलं, कराराचं काय बोलले. मी म्हटलं, आधी बघतात. ती आत गेली. मग बॅग भरली. नवीन मोजे आणले होते, कधी आणले कोण जाणे.

११ ऑगस्ट, दुपार

पहिल्या डिव्हिजनचं गवत गालिच्यासारखं असतं. मला शर्टावर घालायचा पिवळा बिब दिला, नंबर नाही. नंबर करारानंतर देत असतील. त्यांचे मिस्तर सभ्य गृहस्थ. हात मिळवून म्हणाले, तुम्ही फक्त तुमचा नेहमीचा खेळ खेळा. एवढा विश्वास ओचारानने कधी दाखवला नाही.

समोर चिचो. बारीक झालाय. मला बघून ओळखीचं हसला.

आणि मी खेळलो. कसं ते मलाही माहीत नाही. पहिला चेंडू त्याच्या पायातून अलगद काढला. दुसऱ्यांदा तो बाहेरून निघाला तेव्हा मी तिथे आधीच होतो. तिसऱ्यांदा तो थांबला, मागे वळला, चेंडू परत दिला. दहा वर्षांत असा खेळलो नव्हतो. निएवेसने बघायला हवं होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या मिस्तरांनी शिट्टी वाजवून पाणी प्यायला थांबवलं. चिचो पाण्याच्या बाटल्यांपाशी जाऊन बसला आणि पाणी न पिता बुटाची नाडी सोडायला लागला.

कासिमिरो धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, अहो, काय करताय तुम्ही. मी म्हटलं, अडवतोय. ते खाली बसले. हळू आवाजात सगळं सांगितलं. चिचोचा आत्मविश्वास गेलाय. डॉक्टर झाले, सुट्टी झाली, काही होईना. म्हणाले, मग मीच वरच्यांना सांगितलं, ज्याच्यासमोर चिचो फुलला त्याला बोलवा, दोन-चार वेळा त्याच्या बाजूने निघून गेला की पोरगा परत उभा राहील. शेवटची संधी म्हणून ऐकलं त्यांनी माझं. आणि तुम्हाला नेमकं आजच खेळायला सुचलं.

मी म्हटलं, फोनवर नीट सांगायला हवं होतं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर आला असता का.

मी नवीन मोजे वर ओढले.

१२ ऑगस्ट, सकाळ

ठरलं. जाऊ द्यायचं त्याला. कासिमिरोंच्या नोकरीचा प्रश्न आहे, आणि नाडी सोडणारा तो पोरगा डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिल्याच चेंडूवर वाट द्यायची, पण कोणाला कळता कामा नये. डावा पाय थोडा उशिरा टाकायचा, अंग आतल्या बाजूला झुकवायचं, मग एका हातावर पडायचं. खोलीत पलंगाशेजारी करून बघितलं. जमतंय. मोठ्या मनाचा माणूस असल्याशिवाय हे होत नाही.

१२ ऑगस्ट, संध्याकाळ

गरज पडली नाही. कोणता पाय उशिरा टाकायचा हे आठवेपर्यंत चिचो गोलपाशी पोचला होता.

दुसऱ्या वेळी ठरवलेलं सगळं सोडून मी खरंच अडवायला गेलो. तिसऱ्या वेळीही. त्यानंतर जितक्या वेळा तो आला तितक्या वेळा, होती नव्हती ती ताकद लावून. एकदा शर्ट धरला, तोही हातात राहिला नाही. हे फक्त इथे लिहितोय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिचो गळ्यात पडला. त्यांच्या मिस्तरांनी सांगितलं की बाकीचा आठवडा थांबायची गरज नाही, सकाळची बस आहे.

कासिमिरो मला गेटपर्यंत सोडायला आले. टोपी हातात होती. डोळे ओले होते. म्हणाले, एलादियो, तुमचे उपकार विसरणार नाही. आणि इतकं खरं वाटेल असं करणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

मी म्हटलं, अनुभव लागतो.