वरच्या आळीतलं घर

प्रिय ज्यांदिरा,

तुझी आई म्हणते, पत्र कसलं लिहिताय, फोन करा, पोरीचा आवाज तरी ऐकू येईल. पण फोनवर तू रडशील, मी विरघळेन आणि बोलायचं ते राहूनच जाईल. म्हणून लिहितोय.

काल चर्चमध्ये कंपनीचा साहेब आला होता. धरण फुटून सात आठवडे झाले, खाणीचा गाळ खालच्या आळीत अजून छातीएवढा आहे, आणि हा म्हणतो, "तुम्ही सगळे कंपनीचे हितसंबंधी आहात. भागधारकांइतकीच तुमचीही जबाबदारी आम्ही मानतो." तेव्हा आपला जुना शेजारी वाल्दोमिरो उठला. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस! "साहेब, त्याच संध्याकाळी भागधारकांना पत्र गेलं, काळजी करू नका म्हणून. आमच्यासाठी साधा भोंगा वाजवता आला नाही तुम्हाला? माझी बायको झुल्मिरा चुलीपाशी होती हो, चीजचे पाव भाजत होती!" साहेब म्हणाला, चौकशी चालू आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं त्यांच्या खाणीत राबलो, तेव्हा मी कोण होतो ते कुणी सांगितलं नाही. आता माणसं गाडल्यावर आम्ही हितसंबंधी!

बाहेर आल्यावर वाल्दोमिरोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नशीबवान आहेस रे, ओलेगारियो. गुडघे दुखत असताना डोंगरावर राहायला गेलास, तेव्हा आम्ही तुला वेड्यात काढलं." मला मान वर करता आली नाही.

ऑगस्टमध्ये तू अचानक आलीस. खाली डास फार, वरची हवा चांगली, असं म्हणत हट्ट धरलास, दोन दिवस जेवली नाहीस. शेवटी आम्ही गेलो. बाप्तिस्म्याला तुला हातात धरणारी तुझी धर्ममाता झुल्मिरा, तिनंच आमची भांडी वर वाहून आणली. तू तिच्या हातची कॉफी प्यालीस आणि गप्प राहिलीस. त्यानंतर महिन्याभरात "धरण सुरक्षित" या दाखल्यावर इंजिनियर म्हणून तुझी सही झाली. परवा पेपरात तो दाखला छापून आलाय.

तुझ्यावर दबाव असेल. धरण धोक्याचं म्हटलं तर खाण बंद पडेल, शेअर कोसळतील, असं वरच्यांनी दटावलं असेल. सगळं कळतं मला. पण झुल्मिराला सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पोरी! ते भागधारकांच्या आड लपले, तू कुणाच्या आड लपलीस? मला तुझा भयंकर राग येतो. आणि तू मला वाचवलंस, याचा त्याहून जास्त येतो.

सोमवारी चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे. जुनं घर का सोडलं, हे ते विचारणारच. मी डासांचं कारण सांगणार नाही. त्याआधी तू येऊन सगळं सांग, सही करायला लावणाऱ्या साहेबाच्या नावासकट. बापानं लेकीला पकडून दिलं, असं माझ्या हातून होऊ देऊ नकोस. शनिवारी बेलो होरिझोंचीहून निघणाऱ्या बसनं ये. मी थांब्यावर असेन आणि समितीपुढे तुझ्या शेजारी बसेन. वाल्दोमिरोकडेही आपण दोघं मिळून जाऊ. आईला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून गावभर सांगत फिरते, आमच्या लेकीच्या हट्टामुळे आम्ही वाचलो.

तुझाच,
बाबा