एकशे दहाच्या आत

६ जानेवारी

ती. ताईस,
छोटूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. जरा जास्तच मजेत, असं परवा वजनकाट्यानं सांगितलं. एकशे सोळा! कंपनीनं नवा नियम काढलाय, की एकशे दहाच्या वर ज्याचं वजन भरेल त्याला क्रेनची शिडी बंद. वीस मार्चला तपासणी आहे. बावीस वर्षं मी त्या पिंजऱ्याएवढ्या केबिनमध्ये बसून लोखंडी गजांच्या मोळ्या अलगद खाली उतरवतोय, आणि आता माझाच भार कुणाला नको झालाय.

नियम वाचून दाखवला तेव्हा सगळी साइट माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

पण तू काळजी करू नकोस. सोमवारपासून सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी दोन काकड्या, संध्याकाळी तिसरी काकडी. हिनं पाव-लोणी कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर लपवलंय. उंचावरून वस्तू काढणं हाच नवऱ्याचा धंदा आहे, हे बिचारी विसरली.

बाकी सगळं हलकं करायला घेतलंय, तुझा लोभ तेवढा भारी असू दे.

तुझा छोटू


१३ जानेवारी

चि. छोटूस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एकशे ऐंशी जणांचे बटाटे सोलायचे चालले होते. ते तसेच टाकून मी सगळ्या बायकांना पत्र वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली. आमच्या भांडीवालीनं विचारलंय, की तुझं नाव छोटू कुणी ठेवलं आणि त्याला पुढे काही शिक्षा झाली का.

सहा किलो म्हणजे काय रे, तुझा एक गाल! तोंडाला कुलूप लाव आणि किल्ली वहिनीकडे दे. उन्हाळ्यात येशील तेव्हा नेहमीची खुर्ची काढू की लोखंडी, ते आधी कळव. दाराचं माप घेऊन ठेवलंय.

थट्टा करते म्हणून लोभ कमी आहे असं समजू नकोस.

तुझी ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलूप लावलं. काकड्याही बंद केल्या, आता तिन्ही वेळा नुसतं पातळ सूप. एकशे अकरा! रविवारी मात्र जरा घोटाळा झाला, तो काही लिहीत नाही. सोमवारी त्याची भरपाई म्हणून दिवसभर पाण्यावर राहिलो. वर केबिनमध्ये गरगरतं, पण या दिवसांत वाराही फार असतो.

हिच्याशी सारखं वाजतंय. तू केलीस ती थट्टा बरोबरच होती. कुणी हसल्याशिवाय मला अक्कल येत नाही.

लोभ असेलच. घाईत आहे.

छोटू


११ फेब्रुवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहितेय. रविवारी भर दुपारी मी बाजारातून येत होते. लख्ख ऊन, आणि बागेतल्या बाकावर कुणीतरी मोठी काळी छत्री उघडून, अगदी खाली ओढून बसलेलं. छत्रीखाली दोन बूट. ते सकाळी मीच पुसले होते. जवळ गेले तर मांडीवर अर्धा केक, आणि हे हातानं तोडून इतक्या घाईनं खात होते की चवही लागत नसेल. मला बघून म्हणाले, की पाऊस येईलसं वाटतंय. मला हसू फुटलं. आणि ताई, हे रडायला लागले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

तरी सूप चालूच. परवा सकाळी शिडीच्या मध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. शिडीच्या दांड्यांत दोन्ही हात अडकवून वीस मिनिटं तसेच उभे होते. शेवटी दोन वेल्डर वर चढले आणि पट्टा बांधून त्यांनी ह्यांना खाली आणलं. घरी येऊन मला सांगितलं, की शिडीची दुरुस्ती आहे म्हणून लवकर सोडलं. खरं काय ते वेल्डरच्या बायकोकडून कळलं. कालपासून कामावर गेलेले नाहीत.

तुमचं ऐकतील. पण रागावू नका. ते स्वतःवरच इतके रागावलेत, की दुसऱ्या कुणाला जागाच उरलेली नाही.

आमच्यावर माया आहे ती राहू द्या.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अ. आ.

वहिनीनं सगळं कळवलं. तिच्यावर चिडशील तर मी पहिल्या गाडीनं येईन आणि महिनाभर राहीन.

आधी माझं. तू साइटवर हसण्याचं लिहिलंस, ते मी वाचलं आणि वर वीस बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तुला लागलं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची आज मला लाज वाटते. चुकलं माझं.

आता तुझं. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना मी काल गाठलं. त्या म्हणाल्या, की सोमवारी उपाशी राहणारा माणूस रविवारी खाण्यावर तुटूनच पडतो. त्यात तुझा घोटाळा कसला? शरीर आपलं काम करतंय. तेव्हा सकाळी अंडी आणि पाव पोटभर खा. दुपारी भाजी, बटाटा, मासे जे असेल ते खा. भूक लागली की खा आणि पोट भरलं की थांब. पहिल्या पंधरा दिवसांत ते जमणार नाही म्हणे, तरी चालेल. केक आवडतो ना? मग ताटलीत घे आणि बायकोशेजारी बसून खा.

आणि मुकादमाला खरं सांग. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शिडीला हात लावायचा नाही. क्रेन दुसरी मिळेल रे. मला भाऊ एकच आहे.

लोभ वाढव, आणि जेवून पत्र लिही.

तुझी ताई


२८ मार्च

ती. ताईस,
जेवून, सा. न. वि. वि.

उशीर झाला. खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून आधी रागच आला. चार दिवसांनी तो उतरला आणि मी मुकादमाकडे गेलो.

तपासणी झाली. आदल्या दिवशी सगळे उपाशी, काही जण तर पाणीसुद्धा पीत नव्हते. मी पाव, मासे आणि एक सफरचंद खाऊन गेलो. वजन भरलं एकशे तेरा. तीन महिने शिडी बंद. वाढलेला रक्तदाब मात्र उतरलाय, डॉक्टरांनी दोनदा मोजला. आता मी खाली उभा राहून हातानं खुणा करतो आणि वर दुसराच माझी क्रेन चालवतो. पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघवेना. अजूनही दुखतं, खोटं कशाला बोलू?

पण एक गंमत झाली. बावीस वर्षं मी वर एकटा, वाकून, सहा मिनिटांत डबा संपवत होतो. आता खाली फळ्यांवर वेल्डरांबरोबर बसतो. ती मंडळी अर्धा तास जेवतात! एक जण माझ्या डब्यावरून काहीतरी बोलला. या वेळी मी हसलो नाही. लागतं मला, असं सरळ सांगितलं. त्यानं सरकून मला शेजारी जागा करून दिली.

रविवारी आम्ही दोघं केक खातो. कधी एका तुकड्यात भागतं, गेल्या आठवड्यात चार झाले. सोमवारी उठून नेहमीसारखी अंडी खाल्ली. जूनमध्ये पुन्हा तपासणी आहे, बघू.

हे सगळं बोलताना हिनं विचारलं, की तुमच्या ताई कधी जेवतात? तुला बसून जेवताना पाहिल्याचं मला आठवतच नाही. तू कधी जेवतेस गं?

उत्तर दे. लोभ दोन्हीकडून हवा.

तुझा छोटू


६ एप्रिल

चि. छोटूस,
अ. आ.

तुझा प्रश्न मी शेगडीपाशी उभी राहून वाचला, हातात पावाचा तुकडा घेऊन. तेच माझं जेवण होतं. रोज तेच असतं. सगळ्यांना वाढून झालं की भूक मेलेली असते, आणि एवढ्या जणांना खाऊ घालणाऱ्या बाईला कुणी जेवलीस का असं विचारत नाही. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून काल रुग्णांचंच एक ताट उचललं आणि वॉर्डात खिडकीपाशी जाऊन बसले. शेजारी गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक सुतारकाका होते. त्यांनी विचारलं, की तुम्हाला काय होतंय? मी सांगितलं, भूक लागलीय.

ताट पूर्ण संपवलं. अर्धा तास लागला. आणि छोटू, बटाटे पार गार झालेले होते. अठरा वर्षं मी ते कढईतून वाफाळते पाठवतेय, आणि अर्धी ताटं परत आली की माणसांवर रुसतेय! काका म्हणाले, की चव छान आहे, पण गरम कधी मिळालं नाही. आजपासून ताटं सगळी एकदम न भरता दोन खेपांत भरून गरम गरम पाठवायची, असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय.

जूनमध्ये काटा काय सांगेल ते सांगो, उन्हाळ्यात तुम्ही दोघं या.

लोभाचं काय लिहू, तो आहेच. पत्र इथेच थांबवते. दोन वाजलेत, टेबलापाशी सगळ्या बायका ताटं घेऊन बसल्यात आणि मी आल्याशिवाय कुणी सुरुवात करत नाहीये.

तुझी ताई