अविश्वास ठरावाचे पेढे

आबा, सदस्यांनी मला सरपंचपदावरून काढायचा केलेला ठराव काल गावानं मोडून काढला. या वयातही मला हसू आवरत नाही, आणि आवरायचं तरी कशाला?

तुम्हाला सरपंचपदावरून पाडलं तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आले होते. तुम्हाला सदस्यांनी निवडलेलं, म्हणून सदस्य फोडले की काम झालं. विरोधकांनी त्यांना जीपमध्ये घालून देवदर्शनाला नेलं, जेवूखाऊ घातलं आणि ठरावाच्या दिवशीच पंचायतीच्या दारात उतरवलं. तुमच्याकडे कुणी वर मान करून बघेना. त्या दुपारी आई चुलीपुढे भाकरी थापतेय आणि मी तावातावानं सांगतेय, की सिस्टरनी शिकवलंय, पंतप्रधान सभागृहाच्या मर्जीवर टिकतो; अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मतावर येतो, सभागृहाची मर्जी फिरली म्हणून तो घरी जात नाही. आपलं सरपंचपद तसं हवं होतं. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "ज्यांनी बसवला त्यांनी उठवला. त्यात रडायचा काय गो?" वर मलाच दटावलंत, की शिकलेलं पोटात ठेव, आधी जेव. मुलीला मडमीण करतोय म्हणून तुम्हाला हसणारे ते सदस्य, आणि ओरडा मात्र मला. तो राग अजून गेलेला नाही.

बँकेतून निवृत्त होऊन मी गावी परतले, तोवर सरपंच थेट गावानं निवडायची पद्धत आली होती. मी उभी राहिले आणि निवडून आले. उपसरपंचाला त्याच्या दारापुढे पेव्हर ब्लॉक हवे होते. मी म्हटलं, आधी पाड्याचा साकव. पूल नाही म्हणून तिथली पोरं ओहोळाच्या कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत येतात. झालं, बिनसलं. निवडणुकीनंतर ठराव आणायला कायद्यानं थांबावं लागतं तेवढे ते थांबले आणि मग सगळे सदस्य एसी गाडीतून रिसॉर्टला गेले. तुमच्या वेळी निदान देवदर्शन तरी होतं. परत येऊन त्यांनी तहसीलदारांसमोर अविश्वास ठराव मंजूर केला, एसटी स्टँडवर फटाके लावले आणि पेढे वाटले. उपसरपंच एक पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "बाई, आता आराम करा. इंग्लिश पेपर वाचा."

मी पेढा खाल्ला आणि त्याला सांगितलं, की ठराव अजून अर्धाच झालाय. आमच्याकडे खुर्ची म्हणजे सदस्य गाडीत भरणं, एवढंच हिशोबात धरायची सवय. गावानं निवडलेल्या सरपंचाला काढायला ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं, हे फटाके आणण्याआधी कुणी वाचलंच नव्हतं. आणि अख्खं गाव काही गाडीत मावत नाही.

काल शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पाड्यावरच्या बाया भातातलं तण काढायची बेणणी टाकून आल्या. रांगेतल्या एका म्हातारीनं उपसरपंचाला गाठलं. "हिला आमी बसवली तवा तुला इचारला होता का रे? मंग उठवनारा तू कोन?" तहसीलदारांनी हसू लपवायला रुमाल काढला. मतं मोजली आणि ठराव सपशेल पडला. आबा, त्या क्षणी तुमच्या सगळ्या सदस्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि मी एकेकाला मनात नमस्कार केला.

अर्थात खुर्ची राहिली तरी समोर बसतात ते तेच सदस्य. त्यांचे हात वर झाल्याशिवाय साकवाचा पैसा सुटत नाही. राष्ट्राध्यक्षालाही खर्चासाठी सभागृहाकडेच जावं लागतं, हेही सिस्टरनी शिकवलं होतं. आज सकाळी बैठक बोलावली. सगळे आले, खाली माना घालून बसले आणि साकव एकमतानं मंजूर झाला.

एक मात्र सांगते. बैठकीत एक सदस्य म्हणाला, साकव जरा वरच्या अंगाला घेऊ या, खाली काठ ढासळतो. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तो बहुतेक बरोबर होता. त्याला गप्प बसवताना मला फार बरं वाटलं, आबा. तुम्ही गेलात, पत्र तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणूनच हे लिहिलं.