नदीकाठची पगथी

१७ जुलै १९९४, रविवार

सगळे हात वर! एकूण एक!

नदीकाठच्या रस्त्याची सभा झाली. लोकांना विचारून करायचं म्हणे सगळं. इंजिनीअर भावेशभाई गुजरातीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार, ही अविनाशची कल्पना. कमिटीचा सेक्रेटरी ना तो! "बायकांना तुझं पटतं. तूच कर." मी म्हटलं, अरे, माझं गुजराती भाजीबाजारापुरतं. तुला इतकं छान येतं, तू का नाही? तर म्हणे, मला स्टेजवर कंपनीच्या शेठजींजवळ बसायचंय.

बसला. मी माइकपाशी, हा पाठीमागच्या खुर्चीत.

भावेशभाई म्हणाले, नदीकिनारे पगथी बनावशुं. मी म्हटलं, बायांनो, नदीवर पायऱ्या होणार! काय टाळ्या पडल्या! खानदेशातून इथे गुजरातेत कामाला आलेल्या कुटुंबांची सगळी वस्ती आली होती. मंजुळाबाई तर उभ्याच राहिल्या. जया त्यांची सून. गेल्या वर्षी कानबाई नदीत बोळवताना डोक्यावर देवी घेऊन उतारावर घसरली, हात मोडला. अजून तिला भरली कळशी उचलवत नाही.

मग भावेशभाईंनी विचारलं, कोईने वांधो? कोणाचा काय वांधा असणार! मंजूर असेल तर हात वर करा म्हटलं, तर एकूण एक वर.

घरी येताना अविनाश म्हणाला, "झकास बोललीस." लग्नाच्या पाच वर्षांत पहिल्यांदा.

१८ जुलै

आवाज बसलाय. पण खूश आहे.

२६ जुलै, मंगळवार

मंजुळाबाई कळण्याच्या भाकरी घेऊन आल्या. "ताई, यंदानी कानबाईले पायऱ्या व्हतीन का?" म्हटलं, यंदा कुठल्या, पंधरा ऑगस्टला तर नुसती पायाभरणी. पुढच्या श्रावणात नक्की. त्यांनी दारातूनच नदीच्या दिशेला हात जोडले. मलाच अवघडल्यासारखं झालं. मी काय केलं होतं? नुसतं बोलले होते.

३० जुलै, शनिवार

हॉलमध्ये नकाशा लावलाय. पायऱ्या नाहीत.

परत परत पाहिला. पुलापासून सरळ फरसबंद रस्ता, दिवे, बाकं, शेठजींच्या नावाची कमान. आणि नदीच्या बाजूला सलग भिंत, वर कठडा. खाली उतरायला बोटभर जागा नाही!

भावेशभाई तिथेच होते. विचारलं, पगथिया कुठेत? ते गोंधळले. "पगथिया? बेन, पगथी! चालवा माटे."

पगथी म्हणजे चालायची वाट. पगथिया म्हणजे पायऱ्या. आमच्या घरमालकीणबाई जिन्यावर रोज बजावतात, पगथिया साचवजो, पायऱ्या सांभाळा. तेवढंच माझ्या कानात बसलेलं! पगथी ऐकलं आणि पायऱ्या बोलून मोकळी झाले. शहाणी!

माझ्या शब्दावर त्या बायकांनी हात वर केले. स्वतःचीच वाट बंद करायला.

३१ जुलै

अविनाशला सांगितलं. वाटलं, दचकेल. त्याने वर्तमानपत्रसुद्धा खाली ठेवलं नाही. "होतं असं. आता काढू नकोस विषय."

म्हटलं, पुन्हा विचारायला हवं लोकांना.

"शेठजी पैसा घालतायत. त्यांना फिरायच्या जागेखाली बायकांची धुणी नको आहेत. आणि तुला कळतंय का, माझं काय होईल?"

कळतंय की. कंपनीत जनरल मॅनेजरची खुर्ची रिकामी आहे. मला इतकं कळतं, फक्त गुजराती कळत नाही!

३ ऑगस्ट

मंजुळाबाई बाजारात दिसल्या. मी चक्क रस्ता ओलांडून पळाले. लाज वाटते.

७ ऑगस्ट, रविवार

गेले शेवटी वस्तीत. उंबऱ्यातच सांगून टाकलं, आत जाऊन चहा घेतला असता तर तोंड उघडलंच नसतं. माझं चुकलं, पायऱ्या नाहीत, भिंत आहे.

जया कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडत होती. तिचा हात थांबला. मंजुळाबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगं म्हनीसन आम्ही हात वर करात, ताई. आम्हले काय समजस गुजराती?" आणि मग एकदम चढ्या आवाजात, "मंग कानबाईले भिंतवरथून फेकानी का?"

शेजारच्या बायका जमल्या. एकीने "साहेबनी बायको" असं काही म्हटलं, ते मला ऐकू जावं म्हणूनच. गेलं. रडू आलं, ते घरी येईपर्यंत दाबलं.

१० ऑगस्ट

काठावर तारेचं कुंपण. पायाभरणीचा मांडव पडतोय. कानबाईची बोळवण पंधरालाच, सोमवारी. एकाच सकाळी, एकाच उतारावर! मधुबन धरणाचं पाणी सोडलंय, नदी गढूळ, काठोकाठ. तारेला वळसा घालून बायका कुठून उतरणार? पलीकडे नुसती शेवाळलेली दरड आहे.

एक आशा आहे. तेराला शेवटची सभा. तिथे वांधा निघाला तर नकाशा नव्याने करावा लागेल. अविनाश म्हणतो, तुला बरं नाहीये, तेराला घरीच थांब.

मला काहीही झालेलं नाही.

११ ऑगस्ट

रात्री जेवायला बसलो.

मी म्हटलं तरी काय, चूक माझी होती एवढंच सांगेन, तुझं नाव घेणार नाही. तर अविनाश ताट सारून उठला.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

कुंपणापाशी भावेशभाई भेटले. मी माफी मागितली, माझ्या चुकीने तुमचं काम अडणार. ते कितीतरी वेळ छत्रीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "भूल तमारी एकलीनी नथी, बेन." चूक माझ्या एकटीची नाही? त्या दिवशी स्टेजवर त्यांनी वाकून अविनाशला विचारलं होतं, बेन पगथिया बोल्या के शुं, बाई पायऱ्या म्हणाल्या की काय? अविनाश म्हणाला, "जवा दो ने. हाथ तो ऊंचा थया!" जाऊ द्या हो, हात तर वर झाले!

आत्ता तो बाहेरच्या खोलीत उद्याचं भाषण पाठ करतोय. गुजरातीत. एक चूक नाही.

उद्या मी जाणार. पगथी म्हणजे काय ते सांगणार. आणि जवा दो ने कोण म्हणालं, तेही.